"मला प्रमोशन नकोच वाटतं, माझ्यात काही कमी आहे का?"

सरकारी बँकेत क्लार्क असलेल्या बायकांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की हल्ली मी उत्तराआधी उलट विचारते, "आजवर कुठल्या कुठल्या टेबलावर बसलात?" ही सवय मला मीनाताईंमुळे लागली. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही.)

मीनाताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरीला. वय चाळिशीच्या आसपास, नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी नववीत, सासूबाईंना मधुमेह. दरवर्षी बढतीचं परिपत्रक निघायचं आणि त्या फॉर्म भरायच्या नाहीत. बरोबर लागलेले दोघं एव्हाना स्केल टूला, म्हणजे ऑफिसरच्या दुसऱ्या पायरीला, पोचले होते. विचारणाऱ्यांना त्या "घरच्यामुळे जमत नाही" सांगायच्या. माझ्याकडे दुसऱ्या भेटीत मात्र म्हणाल्या, "घरचं आहेच हो मॅडम, पण खरं म्हणजे मला ते झेपणार नाही. मी त्यातली नाहीच."

घरचं कारण खोटं नव्हतं. ऑफिसर झालं की बदली आली, ती जिल्ह्याबाहेरही असू शकते. संध्याकाळी किती वाजता सुटका होईल याचा भरवसा नाही. जुन्या क्लार्कला पगारातला फरकही सुरुवातीला फारसा जाणवत नाही. हा हिशेब करून कुणी नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण "मी त्यातली नाही" हा हिशेब नव्हता. तो स्वतःबद्दलचा निकाल होता, आणि तो कुणी दिला हे मला बघायचं होतं.

म्हणून त्यांना नोकरीतली सगळी टेबलं कागदावर लिहायला सांगितलं. बचत खात्याचा काउंटर, क्लिअरिंग, पासबुक, लॉकर, नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, पुन्हा बचत खातं. कर्ज विभाग एकदाही नाही. थकबाकीदाराच्या दारात, पीकपाहणीला, तारण बघायला त्यांना कधी कुणी नेलं नाही. "ताई, तुम्ही कशाला उन्हातान्हात, मी पाठवतो कुणाला तरी," हे त्यांना एकामागून एक साहेबांनी सांगितलं, तेही अगदी मायेनं. बरोबरचे ते दोघं तेव्हा मोटरसायकलवरून शिवारात जाऊन सातबारा वाचायला शिकत होते. बढतीच्या मुलाखतीत प्रश्न कर्जावरच जास्त येतात. मग कोण त्यातलं निघणार?

कागद बघून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग चिडल्या. मला ते चिडणं बरं वाटलं. दुसऱ्याच्या सौजन्याचा राग येणं बायकांना फार अवघड जातं.

आणखी एक गोष्ट निघाली. त्यांनी जवळून पाहिलेली बाई मॅनेजर एकच. तिच्याबद्दल शाखेत काय बोललं जायचं, ते मीनाताईंना पाठ होतं: फार कडक, घरदार सोडून आलेली, नवऱ्याचं काय होत असेल. त्याच शाखेत तिच्याआधी आलेल्या कडक पुरुष मॅनेजरांची अशी चर्चा त्यांना आठवेना. रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये हेच दाखवलं होतं: गटात बायका अगदी मोजक्या असल्या की प्रत्येकीवर सगळ्यांची नजर राहते आणि एकीचं वागणं सगळ्या बायकांच्या नावावर लागतं. मीनाताईंना ऑफिसरकी नको नव्हती, त्या चर्चेचा विषय व्हायचं नव्हतं. गावात त्यांची ओळख 'बँकेतल्या शांत मॅडम' अशी होती, आणि ती त्यांना मनापासून आवडायची. ती गमवावी लागेल ही भीती बदलीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

२०१३ मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, हे उदाहरण मी मुद्दाम दिलं नाही. इतक्या उंचावरच्या बाईकडे बघून तालुक्यातल्या शाखेत उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा शेजारच्या शाखेतली स्केल वनची एखादी बाई उपयोगाची. तशी एक त्यांच्याच ओळखीत निघाली, आणि दोघी रविवारी चहाला भेटल्या.

फॉर्म भरायचा की नाही, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. आधी कर्जाचं टेबल मागायचं ठरलं. काय बोलायचं याची तालीम माझ्याच खोलीत झाली, मी साहेब झाले. खरे साहेब अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "तुम्हाला त्रास होईल." मीनाताई म्हणाल्या, "त्रासाचं मी बघते साहेब, टेबल द्या." मिळालं.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. "तिचं तिनं ठरवावं, माझा पूर्ण पाठिंबा आहे," असं ते सुरुवातीलाच म्हणाले. या पाठिंब्याचा मला थोडा कंटाळा आहे, कारण त्यात सगळं ओझं ठरवणारीच्याच डोक्यावर राहतं. बदली झाली तर आईचं इन्सुलिन कोण देणार, हे विचारल्यावर खरं बोलणं सुरू झालं. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा जवळपास नेमावं, असं केंद्र सरकारनं २०१४ मध्ये सरकारी बँकांना कळवलं आहे, हेही त्यांना तेव्हा सांगितलं. त्यातल्या 'शक्यतो'वर घर चालत नाही, हेही सांगितलं.

या वर्षी त्यांनी फॉर्म भरला नाही. मुलगी आता दहावीला आहे. "झेपणार नाही म्हणून नाही, मॅडम. मार्चपर्यंत नाही," असं त्यांनी फोनवर सांगितलं. अजून जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा एक पेपर राहिला आहे, तो मे महिन्यात द्यायचा विचार आहे. त्या आठवड्यात सासूबाईंकडे बघायला नवऱ्यानं रजा टाकायची, असं घरात ठरलंय.