वर्षांचा हिशोब

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू त्या परक्या देशातून परत आल्याला तीन महिने झाले, पण मन अजून तिकडेच आहे हे पहिल्या ओळीतच कळलं. संस्थेचं नाव ठरलंय, बोधचिन्ह तयार आहे, आणि पहिल्याच वर्षी तिथल्या पन्नास मुलांचं शिक्षण उचलायचं आहे. बोधचिन्ह छान आहे. आता ते बाजूला ठेव आणि एक कोरा कागद घे.

पहिलीत जाणाऱ्या मुलाला शाळा संपवायला साधारण बारा वर्षं लागतात. कुठे अकरा, कुठे तेरा. पन्नास मुलं पहिलीत घेतलीस तर तू सहाशे वर्षांच्या फीचा शब्द देतेयस असं धर. देणगीदार शब्द देतो तो बहुधा एका वर्षाचा, तोही सणासुदीला किंवा आर्थिक वर्ष संपताना. लहान संस्था ह्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडतात. मी पडलेय, म्हणून एवढं अधिकारानं लिहिते.

आमच्या अशाच संस्थेच्या दुसऱ्या वर्षी एका कुटुंबानं भरघोस रक्कम दिली आणि आम्ही चौदा मुलांवरून थेट चाळीसवर गेलो. अहवालात तो आकडा काय उठून दिसायचा! तिसऱ्या वर्षी त्या कुटुंबाचा धंदा बसला. दोष त्यांचा नव्हता. एका वर्षाचा पैसा आम्ही कायमचा धरून चाललो होतो. मी तिकडे गेले. आमच्या समन्वयक बाई आणि मी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसलो होतो, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकतील असे. पुढ्यात चाळीस नावांची यादी, आणि पैसे सव्वीस जणांचे. मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते शांतपणे माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाल्या, ‘तुम्ही खोडा. तुम्ही परवा विमानात बसाल. मला उद्या सकाळी पाण्याच्या रांगेत ह्यांच्या आया भेटणार आहेत.’

मी एकही नाव खोडलं नाही. परत येऊन विश्वस्तांनी पदरमोड केली, मीही केली. पण पदरमोडीवर फार तर एक वर्ष निघतं. पुढे फी उशिरा जायला लागली, शाळा मुलांना परीक्षेला बसू देईना, आणि दोन वर्षांत नऊ मुलं आपोआप गळली. म्हणजे नावं खोडली गेलीच, फक्त पेन न वापरता.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. एका अख्ख्या शालेय वर्षाची, सगळ्या मुलांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला पडल्याशिवाय नवं मूल घ्यायचं नाही. आणि सुरुवात पहिलीपासून करायची नाही, शेवटच्या तीन वर्षांपासून करायची. शाळा सुटायच्या बेतात आलेली मुलं तिथेच सगळ्यात जास्त असतात, आणि तीन वर्षांचा शब्द तुला पाळता येतो. हे देणगीदारांना कमी गोड वाटतं. सहा वर्षांच्या मुलीच्या फोटोला जेवढे पैसे येतात तेवढे सतरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाच्या फोटोला येत नाहीत. ते सोस. आणखी एक लक्षात ठेव: फी त्यांच्या चलनात ठरते, देणगी तुझ्या चलनात येते. विनिमयाचा दर घसरला की काहीही न करता तुझी पाच मुलं कमी होतात. अंदाजपत्रक त्यांच्या चलनात मांड आणि दरासाठी थोडं हातचं राखून ठेव.

तू अनाथाश्रमाबद्दल लिहिलंस. इमारतीला निधी देणारे तयार आहेत, हेही लिहिलंस. इमारतीला निधी देणारे नेहमीच तयार असतात. भिंतीवर नावाची पाटी लावता येते ना! मी ह्याला स्पष्ट नाही म्हणेन. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2009 च्या अहवालात आहे की जगभर अनाथाश्रमांसारख्या संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांपैकी पाचातल्या किमान चौघांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही हयात असतात. मुलं तिथे येतात ती बहुधा गरिबीमुळे, आणि आश्रमात शिक्षण फुकट मिळतं म्हणून. जिथे परदेशी पैशाच्या इमारती उभ्या राहतात तिथे त्या भरण्यासाठी मुलंही आणली जातात. 2007 साली चाडमध्ये अबेशे गावी एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना 103 मुलांना विमानानं फ्रान्सला नेताना अटक झाली. मुलं शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची अनाथ आहेत असं ते सांगत होते. चौकशीत निघालं की बहुतेक मुलं चाडचीच, आणि घरी त्यांना आईवडील किंवा सांभाळणारं कुणी ना कुणी मोठं माणूस होतं. त्या लोकांतले कितीतरी जण मनानं तुझ्यासारखेच असतील, हीच मला त्यातली भीतीची गोष्ट वाटते. त्याच वर्षांत संयुक्त राष्ट्रांची पर्यायी संगोपनाविषयीची, म्हणजे आईवडिलांजवळ नसलेल्या मुलांना सांभाळण्याविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं तयार होत होती. ती 2009 मध्ये आली, आणि त्यांचा गाभा साधा आहे: आधी कुटुंब टिकवायला हातभार लाव, मूल वेगळं काढणं हा अगदी शेवटचा उपाय.

एकाच मुलाला दत्तक घेतल्यासारखं एका देणगीदाराशी जोडायची पद्धत आहे, ती सोपी आणि लोकप्रिय आहे. पण एका घरात तीन भावंडं असताना एकालाच वह्या, गणवेश आणि परदेशातून पत्र येऊ लागलं की काय होतं ते मी पाहिलंय. धाकट्यानं थोरल्याचं दप्तर चुलीत घातलं होतं. म्हणून आम्ही आता घर धरतो, मूल नाही.

वस्तू पाठवायचा मोह आवर. 1990 च्या दशकात पश्चिम केनियातल्या शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन नीट चाचणी घेतली गेली. करणाऱ्यांपैकी एक मायकेल क्रेमर, ज्यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पुस्तकं मिळालेल्या शाळांचे सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच वर्गात पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. पुस्तकासारख्या निर्मळ गोष्टीचंही असं होतं. मग तुझ्या यादीतल्या जुन्या कपड्यांच्या सात खोक्यांचं काय होईल ते तूच ठरव. जकातीत अडकलेलं खोकं सोडवण्यात आमच्या बाईंचे चार दिवस गेले होते, आणि आत निघाले लोकरी स्वेटर. तिकडे बारा महिने उकाडा.

त्यापेक्षा विचार, की मुलं अडतात कुठे. आमच्याकडे उत्तर आलं: जन्मदाखला. दाखला नाही म्हणून शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरता येत नव्हता. जन्मनोंदणी हा 1989 च्या बालहक्क करारातल्या सातव्या कलमानं दिलेला हक्क आहे, आणि तरीही युनिसेफच्या 2024 च्या आकडेवारीनुसार पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची नोंदच नाही. आम्ही एका वर्षी फक्त बसभाडं, शपथपत्रं आणि कचेरीतल्या खेपा ह्यांवर खर्च केला. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकोणीस मुलं परीक्षेला बसली.

हे आम्हाला कळलं ते आमच्या समन्वयक बाईंमुळे. तुझी संस्था म्हणजे खरं तर तिकडचं असं एक माणूस. त्याला पगार दे, वेळेवर दे, आजारपणाची रजा दे, आणि तो पगार अहवालात लपवू नकोस. ‘शंभर टक्के देणगी मुलांपर्यंत’ असं छापायची हौस सगळ्यांना असते. मग मुलाच्या घरी चौकशीला कोण जातं, शाळेत हजेरी कोण बघतं, आणि ते माणूस जेवतं कशावर? इथे बसून रात्री दहाला संदेश टाकून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुझ्याकडची रात्र म्हणजे त्यांच्याकडे काय वाजलेलं असतं, हेही आमच्या विश्वस्तांना दोन वर्षं लक्षात राहत नव्हतं.

विश्वास ठेवायचा म्हणजे हिशोब घ्यायचा नाही असं मात्र नाही. उलट, चोख हिशोब हे त्याच माणसाचं संरक्षण असतं. उद्या गावात कुणी बोट दाखवलं तर दाखवायला कागद हवा. पैसे काढायला दोन सह्या, आणि त्या नवराबायकोच्या नसाव्यात. फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढायला सांग. गुळगुळीत कागदावरची छापील पावती उन्हाळ्यात सहा महिन्यांत कोरी होते. आमच्या पहिल्या लेखापरीक्षणाला मी अशा पावत्यांचा एक गठ्ठा घेऊन गेले होते. लेखापरीक्षकांनी एकेक कागद खिडकीशी धरून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

बँक तुला छळेल. पैसे मधल्या बँकेत अडकतील, मधली बँक आपलं शुल्क कापून घेईल, आणि फी थोडक्यासाठी अपुरी पडेल. रागावू नकोस, कारण समजून घे. ऑक्टोबर 2001 मध्ये ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ ह्या, काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी देशांनी मिळून केलेल्या गटानं दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठी आठ शिफारशी केल्या, त्यातली आठवी सेवाभावी संस्थांबद्दलची होती. तेव्हापासून परदेशी पैसा पाठवणारी लहान संस्था म्हटलं की बँका सावध होतात. संस्थेची घटना, विश्वस्तांची ओळखपत्रं, तिकडच्या संस्थेचं नोंदणीपत्र आणि करार हे एका फाइलीत तयार ठेव, आणि सत्र सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी पैसे सोड. दोन्ही देशांतल्या नोंदणीचे आणि कराचे नियम तिथल्या जाणकारालाच विचार. ह्यात माझ्यासारख्या हौशी माणसाचा सल्ला घेऊ नकोस.

आता सगळ्यात नावडता विषय. तुझ्या पत्रात तो नाही, म्हणून मी काढते. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे वाईट हेतूची माणसंही येतात, आणि ती फार सालस दिसतात. नियम पहिल्या दिवशी लिहून काढ. मुलाबरोबर बंद दाराआड एकटं मोठं माणूस नको. पाहुणा कितीही मोठा देणगीदार असो. आलेल्यानं मुलांना परस्पर भेटी, फोन नंबर, पत्ते द्यायचे नाहीत. 18 वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध म्हणजे हकालपट्टी, तिथला कायदा संमतीचं वय काहीही सांगो. मदतकार्यातल्या संस्थांनी हे तत्त्व 2002 मध्येच मान्य केलंय. आणि तक्रारीची एक वाट अशी ठेव जी समन्वयकाला आणि तुला दोघांनाही वळसा घालून जाते. आमच्याकडे ती शाळेतल्या एका निवृत्त बाईंकडे जाते. आजवर तिचा उपयोग दोनदा झाला. त्यातली एक तक्रार आमच्याच एका विश्वस्ताबद्दल होती. तो आता विश्वस्त नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात. पालकांची परवानगी घेतेस ते ठीक, पण ज्याच्याकडून फी येणार त्याला ‘नाही’ म्हणायची हिंमत कुणाची होणार? मुलालाही विचार, आणि फोटोला नकार दिला म्हणून काही बदलणार नाही हे आधी सांग. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसू देऊ नकोस. आमच्या एका मुलीनं बावीसाव्या वर्षी मला विचारलं, ‘मी नाक पुसत असतानाचा तो फोटो अजून तुमच्या पत्रकावर आहे का?’ होता.

मूल अठराचं झालं की बालहक्क करारातलं बालपण संपतं, आणि पुष्कळ संस्थांची मदतही. नेमकी तेव्हाच हाताची गरज असते: निकाल लागलेला, नोकरी नाही, घरचे म्हणतात आता कमव. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत युवक म्हणजे 15 ते 24. ह्या वयातल्यांसाठी आम्ही आणखी एका वर्षाची मदत धरून ठेवतो: कुणाला प्रशिक्षणाची फी, कुणाला पहिल्या महिन्याचं खोलीभाडं, कुणाला नुसतं ओळखपत्र. त्यातल्याच दोघी आता तिकडच्या समितीवर आहेत आणि माझे प्रस्ताव त्या बिनदिक्कत फेटाळतात. मागच्या खेपेला संगणककक्षाचा फेटाळला. वीज दिवसातून चार तास असते, म्हणाल्या.

तेव्हा पन्नास मुलांचं राहू दे. पुढच्या पत्रात मला एवढंच कळव: किती मुलं, कोणत्या इयत्तेत, प्रत्येकाची किती वर्षं शिल्लक, आणि हातात आज किती वर्षांचे पैसे आहेत. तिकडच्या तुझ्या माणसाला विचारूनच भर. त्यांनी एखादा आकडा खोडला तर तो खोडलेलाच राहू दे, मला तसाच पाठव.

कळावे,
मावशी