एकट्याने धनुष्यबाण घेऊन नर एल्कच्या जवळ कसं पोहोचायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीचा पहिलाच सप्टेंबर, जोडीदार ऐनवेळी गळाला, एल्कचा आवाज काढायची तोंडात धरायची शिट्टी वाजवायला बऱ्यापैकी जमते. पण एकट्याने हाक दिली की नर ७०-८० यार्डांवर येऊन थांबतो आणि परत जातो असं सगळे सांगतात, मग करायचं काय?

सगळे बरोबर सांगतात. नऊ सीझन मी एकटाच जातो आहे. पहिले दोन सीझन बहुतेक शिट्ट्या वाजवण्यातच घालवले.

नर थांबतो यात त्याचा शहाणपणा आहे. एल्कमध्ये मादीने नराकडे जायचं अशी रीत. मादीचा आवाज आला तर तो येतो, पण आवाज आला ती जागा नजरेत येईल इतकाच. तिथे मादी दिसली नाही की त्याला शंका येते. दोघं असली तर हाक देणारा ५० यार्ड मागे बसतो आणि नर थांबतो तो नेमका धनुष्यवाल्यासमोर. एकट्याचं तसं नाही. आवाजही तुम्हीच आणि बाणही तुम्हीच. म्हणून माझं म्हणणं, बोलायचं काम त्याच्यावर सोपवा. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माजावर आलेला नर पहाटेपासून स्वतःच बिगूल फुंकत असतो, म्हणजे शिट्टीसारखी लांब आरोळी देत असतो. तो कुठे आहे ते तोच सांगतो, आपण गप्प राहून चालायचं.

आता वारा. बाकी सगळं चुकलं तरी एखाद वेळ निभावतं, वास लागला की खेळ खलास. एल्कला काही दिसलं आणि तुम्ही जागच्या जागी थिजलात, तर तो पाच मिनिटं टक लावून बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. काटकी मोडली तर त्याला वाटतं आपल्यातलंच कुणी असेल. माणसाचा वास आला तर तो विचार करत बसत नाही.

डोंगरातला वारा हवामानाच्या अ‍ॅपवर दिसतो तसा वाहत नाही. रात्री गार झालेली हवा जड असते, ती ओढ्या-घळींतून खाली उतरते. ऊन पडून उतार तापला की तीच हवा वर चढू लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. सह्याद्रीत ज्यांनी पहाटे घाट चढलाय त्यांना हे अंगावर माहीत असतं, फक्त त्याचा उपयोग कधी करावा लागलेला नसतो. एल्क मात्र त्यावरच जगतात. रात्रभर कुरणात चरून उजाडताना कळप वरच्या दाट झाडीकडे निघतो, म्हणजे खाली येणारा वारा नाकावर घेत चढतो. तुम्ही त्यांच्या मागे, थोडं खालच्या अंगाला असाल तर तुमचा वास दरीत जातो. सकाळचे हे दोन-तीन तास म्हणजे फुकटचं दान आहे.

आणि हाच सापळाही आहे. दुसऱ्या वर्षी कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागात मी एका कळपामागे तीन तास चाललो. दहा-बारा माद्या आणि एक थोराड नर. ६० यार्डांपर्यंत पोहोचलो होतो, त्याच्या अंगाचा उग्र वास मला येत होता. घड्याळात ९:४० झाले होते. इतक्यात मानेच्या मागच्या बाजूला गार झुळूक लागली. घाटात कुणी खडीचा ट्रक उलटा करावा तसा आवाज झाला आणि जंगल रिकामं. त्या डोंगरावर पुढचे दोन दिवस मला शेपूटही दिसलं नाही.

म्हणून आता ऊन उतारावर आलं आणि हवा घोटाळायला लागली की मी थांबतो. थांबतो म्हणजे मागे सरतो, कळपापासून दीड-दोनशे यार्ड आडवा जातो, डबा खातो. तासाभरात वारा वर चढायला लागून स्थिर होतो. तोवर कळप सावलीत बसलेला असतो आणि नर बसल्या बसल्या मधूनच एखादी शिट्टी घालतो. मग मोठा वळसा घालून त्यांच्या बरोबरीच्या किंवा थोड्या वरच्या उंचीवरून आडवं शिरायचं. लोक दुपारी तंबूत झोपतात. माझ्या तीन नरांपैकी दोन मला अकरा ते एकच्या मध्ये मिळाले.

वारा बघायला दुकानात पावडरची छोटी बाटली मिळते. ती ठीक आहे, पण पावडर हातभर अंतरावर विरून जाते. त्यापेक्षा मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस घ्या. आपल्याकडच्या रुईचीच ही चुलत बहीण. लहानपणी आपण उडवायचो ती ‘म्हातारी’ आठवते ना? तीच. एक सोडली की ती ३०-४० यार्ड तरंगत जाताना दिसते. कुठे वर उचलली जाते, कुठल्या घळीपाशी गर्रकन वळते, हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. एकदा माझी म्हातारी सरळ नराकडे निघाली, मग २० यार्डांवर डावीकडे वळून खाली गेली. पावडर वापरली असती तर मी निराश होऊन परतलो असतो. खिशात शेंगा ठेवा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक सोडा.

चालण्याबद्दल. आवाज होणारच, वाळल्या अ‍ॅस्पेनच्या पानांवर मांजरसुद्धा वाजतं. एल्कना खटकते ती माणसाची एकसारखी ठेक्यातली पावलं आणि नायलॉनची खसखस. तीन पावलं, थांबा, एक पाऊल, थांबा. मोठी फांदी मोडलीच तर मादीचा एक हलका ‘म्यूऽ’ काढा आणि गप्प बसा. शिट्टीचा एवढाच उपयोग. शेवटच्या ६० यार्डांत मी बूट काढून पाठपिशवीला बांधतो आणि लोकरीच्या जाड मोज्यांवर चालतो. पायाखालची काटकी मोडायच्या आधीच कळते. (एकदा मोज्यावर काटेरी निवडुंगही कळला. खालच्या कोरड्या उतारावर हा प्रयोग करू नका.)

नराची नजर माद्यांवर आणि शेजारच्या तरण्या नरांवर असते. तुम्हाला पकडते ती कडेला उभी असलेली म्हातारी मादी. त्यामुळे नर दिसला की आधी त्याला सोडून माद्या मोजा. पाच दिसल्या तर सहावी कुठे आहे ते शोधा. ती सापडेपर्यंत हलू नका.

पुढे सरकायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे तो शिंगांनी झाड घासत असतो तेव्हा. पाचव्या वर्षीचा नर मला असाच मिळाला. मनगटाएवढ्या फर झाडावर त्याने राग काढायला घेतला होता. साल सोलून खाली पडत होती, डोकं फांद्यांत, डोळे बहुधा मिटलेले. तो घासायचा, मी चालायचो. तो थांबला की मी एका पायावर. अशी वीसेक पावलं झाली. अंतरमापकाने ३४ यार्ड दाखवले. मग तो स्वतःहून चालू लागला. त्याचं डोकं एका जाड खोडामागे गेलं तेव्हाच मी धनुष्य खेचलं, कारण डोळा दिसत असताना खेचाल तर तो हात पाहील. माझं कंपाउंड (कप्प्या लावलेलं धनुष्य) ६० पौंडांचं आहे, पूर्ण खेचल्यावर बारा-तेरा पौंडच धरावे लागतात, तरी मिनिटभरात खांदा थरथरायला लागतो. खोडाच्या पलीकडे खांदा आला, मी तोंडानेच ‘म्यू’ केलं, तो थबकला, बाण गेला.

पहिल्या वर्षी फक्त आडवा उभा असलेला किंवा थोडा तुमच्यापासून पलीकडे वळलेला नर घ्या. समोर तोंड करून उभा असेल तर राहू द्या. बाण लागल्यावर पळत सुटू नका. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा-पाऊण तास बसा. गडद लाल असेल तर यकृत, चार तास तरी. हिरवट घाण असेल तर सहा तास किंवा त्याहून जास्त, आणि मग फार हळू माग काढा. घाईने उठवलेला जखमी नर कोसभर जातो आणि हाती लागत नाही. यावर मी फार कडक आहे.

धनुष्य खेचायला किमान ३५ पौंड जोर, बाणाच्या पात्याची ७/८ इंच रुंदी हे नियम तुम्हाला माहीत असतीलच. पण शिंगांचा नियम युनिटप्रमाणे (शिकारीच्या विभागाप्रमाणे) बघा. बऱ्याच ठिकाणी एका शिंगाला चार फाटे किंवा भुवईवरचा फाटा पाच इंचांचा असल्याशिवाय नर मारता येत नाही. झाडीतून हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही.

एकट्याच्या शिकारीत खरा घाम त्यानंतर आहे. जनावर ३०० किलोच्या वर, नुसतं मांसच ८०-९० किलो निघतं, आणि कायद्याने ते रानात टाकून देता येत नाही. सप्टेंबरच्या दुपारी ते तापतं, म्हणून आधी कातडी उतरवा, चारी पाय वेगळे करून कापडी पिशव्यांत घाला आणि ओढ्याजवळच्या सावलीत उंच टांगा. अस्वलं येतात. मला गाडीपर्यंत पाच फेऱ्या लागल्या, शेवटची रात्री अकराला, डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात. तेव्हापासून गाडीपासून चार किलोमीटरच्या पुढे मी बाण सोडत नाही, नर कितीही देखणा असो. सॅटेलाइटवर निरोप देणारं यंत्र मात्र पहिल्याच दिवसापासून घ्या. एकटा माणूस, हातात धारदार सुरी, आणि फोनला रेंज नाही.

(भारतातल्या वाचकांसाठी: इकडे हे परवाना काढून, मर्यादित संख्येत, कायद्याने चालतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, सांबराच्या मागे हे उद्योग करू नका. आमच्या आईला तर मी अजून ‘ट्रेकला चाललोय’ असंच सांगतो.)

तुमच्या जागेचा उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते खाली लिहा. पूर्वेकडे असेल तर वाऱ्याच्या बाबतीत मी दिलेल्या वेळा तासभर आधीच्या धरा, आणि उत्तरेकडच्या दाट झाडीत असेल तर दहा वाजून गेले तरी हवा खालीच येत राहते.