स्थानिक झाडाझुडपांवरून कोल्हापूर जिल्ह्याचे वनस्पती-भौगोलिक विभाग कसे ठरवावेत?

नकाशावर समान चौकटी आखून प्रत्येकीतील देशी वृक्ष-झुडपांची यादी करावी. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ आणि सर्वत्र माजलेली घाणेरी, कितीही ओळखीची असली तरी, परदेशी म्हणून वगळावीत. चौकटींची तुलना सिम्प्सन भिन्नता-निर्देशांकाने (दोन ठिकाणच्या जातींमधील फरक मोजणाऱ्या मापाने) करणे मला योग्य वाटते, कारण गगनबावड्याकडे जाती विपुल आणि शिरोळकडे मोजक्या, एवढ्याच फरकाने तो फसत नाही. एका जातीची जागा दुसरीने घेतली आहे का, हे तो पाहतो. मग साम्यानुसार चौकटींचे गट पाडावेत; हे गट म्हणजेच विभाग. दाजीपूरकडील अंजनी, पिसा विरळ होत जाऊन पूर्वेकडे बाभूळ, बोर, हिवर दिसू लागतात. तो संक्रमणपट्टा एका रेषेत दाखवू नये. उसाखाली गेलेल्या भागासाठी ओढ्याकाठची झाडे आणि वनस्पतीसंग्रहातील जुने नमुने आधाराला घ्यावेत.