विषाने मांस सडतं, मग सापाच्या विषापासून जखम भरणारं जेल कसं बनतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सापाच्या विषापासून जखम बंद करणारं जेल तयार केल्याच्या बातम्या खऱ्या आहेत का, कारण विषाने तर मांस सडतं. आणि तुमच्या वडिलांच्या पायावर मधुमेहामुळे चिघळलेली जखम आहे, तिला याचा काही उपयोग होईल का. मी प्रयोगशाळेत प्रथिनं आणि हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी जेलं) यांच्यावर काम करते आणि त्या निमित्ताने सापांची विषंही हाताळते, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते. दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात आधीच देते: आज तरी नाही. का नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते शेवटी सांगते.

बातम्यांमागचं संशोधन खरं आहे. चुकतो तो मथळा. विष जखम भरत नाही. विषातल्या अनेक घटकांपैकी एखादंच प्रथिन निवडून, शुद्ध करून, मोजून, एका ठिकाणी धरून ठेवलं तर ते जखमेच्या कामी येतं. ‘धरून ठेवणं’ हा भाग बातमीत सहसा येत नाही आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे.

आमच्याकडे विष येतं ते वाळवलेल्या भुकटीच्या रूपात. थंड आणि कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं त्याची ताकद टिकते. भुकटी हलकी असते, उडते आणि श्वासातून गेली तर काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते, म्हणून कुपी उघडायची ती हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात, म्हणजे हुडमध्येच. बऱ्याच सापांचं विष पिवळं दिसतं. तो रंग एका एन्झाइमचा असतो, एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेझचा, कारण त्याच्यात फ्लॅविन नावाचा पिवळा घटक असतो. हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि त्यामुळे जिवाणू मरतात. म्हणून जखमेतल्या संसर्गावर ते वापरून पाहण्याचे प्रयत्न चालू असतात. मला त्यात फारसा दम वाटत नाही, कारण पेरॉक्साइड आपली पेशी आणि जिवाणू असा भेद करत नाही.

हीच भुकटी पाण्यात विरघळवून कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीतून सोडली की घटक एकामागून एक वेगळे होऊन बाहेर पडतात. धातू-प्रथिनेज ऊतींची वीण उसवतात, फॉस्फोलिपेज पेशींची पटलं फोडतात. मांस सडतं ते मुख्यतः या दोघांमुळे. पण त्यांच्या आगेमागे येणारी काही प्रथिनं काहीही फोडत नाहीत. ती शरीरातल्या एका नेमक्या रेणूला गाठतात आणि त्याच्यावर एकच क्रिया करतात. ही नेमकेपणाची देणगी उत्क्रांतीची आहे. भक्ष्याचं रक्त आणि नसा चटकन निकामी करण्यासाठी विषाला शरीरातल्या मोक्याच्या जागाच ओळखाव्या लागल्या. रक्त गोठणं, पेशींनी आधार पकडणं, नसांची वाढ या त्या जागा, आणि जखम भरताना शरीर नेमकं यांच्यावरच अवलंबून असतं.

बॅट्रोक्सोबिनचं उदाहरण घेते. दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रोप्स जातीच्या सापाच्या विषातलं हे एन्झाइम. त्याचा रक्त गोठवण्याचा गुण १९३६ साली लक्षात आला. आपल्या रक्तात फायब्रिनोजन नावाचं विरघळलेलं प्रथिन असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन हे आपलंच एन्झाइम त्याचे दोन प्रकारचे छोटे तुकडे, ए आणि बी, कापून टाकतं. उरलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनची जाळी बनते आणि रक्त थांबतं. बॅट्रोक्सोबिन फक्त ए तुकडा कापतं, तरीही जाळी बनते. आता महत्त्वाचं: हेपारिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर थ्रॉम्बिन अडवलं जातं, बॅट्रोक्सोबिन अडवलं जात नाही. हेपारिन ज्या प्रथिनाच्या मदतीने थ्रॉम्बिनला रोखतं, त्या प्रथिनाला हे परकं एन्झाइम ओळखताच येत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला हेपारिन द्यावंच लागतं आणि टाक्यांमधून रक्तही झिरपत असतं. तिथे या गुणाची किंमत कळते.

मग हे एन्झाइम सरळ जखमेवर का ओतू नये? कारण ते वाहून जातं आणि रक्तप्रवाहात शिरलं तर उलटा परिणाम होतो. सगळीकडचं फायब्रिनोजन थोडंथोडं खर्ची पडतं आणि शेवटी रक्त गोठेनासं होतं. मलायन पिट व्हायपरच्या विषातलं अ‍ॅन्क्रॉड हे अशाच जातीचं एन्झाइम. रक्तातलं फायब्रिनोजन मुद्दाम कमी करण्यासाठी ते औषध म्हणून वापरलंही गेलं. म्हणजे जखमेवर बसून राहिलं तर रक्त थांबवणारं आणि शिरेत गेलं तर रक्त पातळ करणारं, एकाच धाटणीचं एन्झाइम.

इथे नवे पदार्थ घडवण्याचं शास्त्र, म्हणजे मटेरियल सायन्स, कामाला येतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या जेफ्री हार्टगेरिंक यांच्या गटाने २०१५ मध्ये स्वतःहून धाग्यांत गुंफले जाणारे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) वापरून एक हायड्रोजेल केलं आणि त्यात बॅट्रोक्सोबिन अडकवलं. पिचकारीतून ते पातळ बाहेर येतं, जखमेवर पडताच घट्ट होतं आणि एन्झाइम धाग्यांच्या जाळ्यात जागेवर राहतं. प्राण्यांवरच्या चाचणीत सहा सेकंदांइतक्या कमी वेळात रक्तस्राव थांबला आणि हेपारिन असतानाही थांबला. यासाठी साप पकडावा लागला नाही. जनुक बदललेल्या जिवाणूंकडून एन्झाइम बनवून घेतलं होतं.

२०२१ मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठातले किब्रेट मेक्वानिंट आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी जिलेटिनमध्ये असा बदल केला की साधा दृश्य प्रकाश पडताच ते घट्ट होऊन ऊतीला चिकटतं, आणि त्यात याच प्रकारचं रक्त गोठवणारं एन्झाइम मिसळलं. रक्त गोठवायला फायब्रिनच्या नेहमीच्या वैद्यकीय डिंकाला जिथे ९० सेकंद लागत होते तिथे याला ४५ लागले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातला गट दोन प्रथिनं एकत्र वापरतो. एक आपल्या ओळखीच्या फुरशाच्या विषातलं एकॅरिन, जे प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या निष्क्रिय रूपाला, जागं करून रक्ताची गाठ बांधायला लावतं, आणि दुसरं ईस्टर्न ब्राउन या सापाचं टेक्स्टिलिनिन, जे बांधलेली गाठ विरघळू देत नाही. त्यांचं जेल थंड असताना द्रव असतं आणि शरीराच्या उबेने घट्ट होतं. ही जोडी मला फार आवडते. गाठ बांधणं आणि ती टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ओळखून रचना केली आहे.

हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे असं समजू नका. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत रुग्णाचंच साधारण १२० मिली रक्त घेतात, बॅट्रोक्सोबिनने त्यातलं फायब्रिन वेगळं करतात, मग एन्झाइमला आधीच जोडलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या आधारे ते पकडून काढून टाकतात आणि उरलेला डिंक शस्त्रक्रियेच्या वेळी फवारतात. ब्राझीलच्या बोटुकाटू इथल्या विषसंशोधन केंद्राने तिथल्या रॅटलस्नेकचं एन्झाइम आणि म्हशीच्या रक्तातलं फायब्रिनोजन यांचा डिंक तयार केला. पायावरच्या शिरांच्या जुनाट व्रणांवर त्याची रुग्णांमध्ये चाचणीही झाली.

रक्त थांबणं ही मात्र फक्त सुरुवात. पुढे दाह, नव्या पेशी, नव्या रक्तवाहिन्या आणि मग कातडी. या टप्प्यांसाठी विषातली डिसइंटेग्रिन नावाची छोटी प्रथिनं अभ्यासली जातात. पेशी आपल्या आधाराला धरून राहते ती इंटेग्रिन नावाच्या रेणूंनी, आणि ते बऱ्याचदा आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची खूण शोधतात. अनेक डिसइंटेग्रिनवर हीच खूण असते. द्रवात मोकळं सोडलं तर ते इंटेग्रिनला जाऊन चिकटतं आणि पेशीची पकड सुटते. फुरशाच्या एकिस्टॅटिनवरून घडवलेलं टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध याच तत्त्वावर प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाही. तेच डिसइंटेग्रिन एखाद्या पृष्ठभागावर पक्कं बसवलं तर पेशी त्यालाच धरून बसतात. रेणू तोच, पण बांधलेला की मोकळा यावर परिणाम उलटतो. विषाच्या अभ्यासात नवे पदार्थ घडवणाऱ्यांना इतकं महत्त्व का, याचं याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

आता वडिलांच्या जखमेशी ज्या धाग्याचा थेट संबंध आहे तो सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुइसला रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन नसांची वाढ घडवणारा घटक शोधत होते. उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या अर्कात तो होता, पण तो प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल हे कळत नव्हतं. सापाच्या विषात न्यूक्लिक आम्लं तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून कोहेन यांनी अर्कात थोडं विष घातलं. न्यूक्लिक आम्ल असेल तर परिणाम नाहीसा व्हायला हवा होता. झालं भलतंच: नसांचे तंतू आणखी जोमाने फुटले. नुसतं विष घातलं तरी फुटले. तो घटक विषातच होता आणि गाठीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होता.

कोहेन यांनी पुढे विचार केला तो मला कधीही विसरता येणार नाही. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच, तर उंदराच्या लाळग्रंथीत का पाहू नये? पाहिलं, आणि तिथेही तो सापडला. तो अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर त्यांचे डोळे वेळेच्या बरेच आधी उघडले. नसांच्या घटकाने हे होणं शक्य नव्हतं, म्हणजे अर्कात आणखी काहीतरी होतं. ते निघालं त्वचेच्या पेशी वाढवणारं प्रथिन, ज्याला आज ईजीएफ म्हणतात. या दोन शोधांसाठी दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. आणि मानवी ईजीएफ जिवंत पेशींकडून बनवून घेऊन मधुमेहाच्या पायाच्या जखमेत टोचण्याचं औषध क्यूबात २००६ पासून मान्यता मिळून वापरात आहे. त्यात विषाचा थेंबही नाही, पण तिथवरचा रस्ता विषाच्या कुपीतूनच गेला.

बातम्या वाचताना एक गोष्ट जरूर पाहा: प्रयोग कशावर झाला. थाळीतल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती लवकर बुजतो हे मोजणं ही पहिली चाळणी आहे, पुरावा नाही. उंदीर-घुशींवरचे आकडेही जपून घ्यायला हवेत. त्यांची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि जखम बरीचशी आक्रसूनच मिटते. माणसात मोठं काम नवी कातडी सरकत येऊन होतं. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून तिला आक्रसू देत नाहीत, किंवा डुकराच्या कातडीवर चाचणी घेतात. ज्या शोधनिबंधात हे नसतं तिथे मी टक्केवारीकडे पाहतच नाही. शिवाय हे प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी असतात. आणि ‘सर्पविषयुक्त’ म्हणून विकली जाणारी सुरकुत्यांची क्रीम या चर्चेत येतच नाहीत. त्यात साधारणपणे एका विषातल्या पेप्टाइडची नक्कल करणारा छोटा कृत्रिम रेणू असतो आणि त्याचा जखमेशी संबंध नाही.

या संशोधनाला दुसरी बाजूही आहे, खुद्द विषाने होणाऱ्या जखमांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं मरतात आणि त्याच्या साधारण तिप्पट लोकांचे अवयव जातात किंवा त्यांना कायमचं अपंगत्व येतं. अँटीव्हेनम जीव वाचवतं, पण दंशाच्या जागेचं मांस वाचवायला ते बऱ्याचदा पुरं पडत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात केनेथ शी यांच्या गटाने विषातली प्रथिनं शोषून घेणारे पॉलिमरचे नॅनोकण बनवले. २०२४ मध्ये तर हेपारिनच्या कुळातली औषधं थुंकणाऱ्या नागांच्या विषाने होणारी कातडीची हानी उंदरांमध्ये कमी करतात असं दिसलं.

आता वडिलांविषयी. मी डॉक्टर नाही, पण जखमांवर काम करताना जे शिकले ते सांगते. मधुमेहाची जखम रक्त न थांबल्यामुळे अडून राहत नाही, त्यामुळे वरची जेलं तिच्यासाठी बनलेलीच नाहीत. ती अडते कारण बधिर पायावर त्याच जागी दाब पडत राहतो, पायापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, संसर्ग असतो आणि साखर चढलेली असते. डॉक्टरांना विचारा की पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का, जखमेवरचा भार काढायला प्लास्टर किंवा खास पादत्राण देता येईल का आणि मेलेली ऊती वेळच्या वेळी काढली जाते आहे का. हे सगळं होऊनही जखम हलत नसेल, तर वाढ घडवणाऱ्या घटकांचं औषध त्यांच्या बाबतीत योग्य आहे का ते विचारा. ‘विषापासून बनवलेलं’ म्हणून कुणी तेल, मलम किंवा इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. जखमेभोवती लाली पसरली, दुर्गंधी यायला लागली, ताप आला किंवा बोट काळं पडायला लागलं, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.