जोड्या ‘लावा’ की ‘जुळवा’?

प्रश्न असा आहे: प्रश्नपत्रिकेत कुठे ‘जोड्या लावा’ असतं, कुठे ‘जोड्या जुळवा’, आणि मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘नमुन्याशी जुळवणी’ (एक नमुना दाखवायचा आणि समोरच्या पर्यायांतून त्याचा जोडीदार निवडायला सांगायचा). यांत फरक काय?

आधीची दोन्ही शुद्ध आहेत. डोकं उठवतं ते ‘जोड्या जोडा’. हल्ली मुलांच्या वर्कशीटवर हे सर्रास दिसतं आणि वाचलं की चपला शिवायला बसवल्यासारखं वाटतं.

‘लावणे’चे अर्थ सांगत बसत नाही, ते सगळ्यांना येतात. मौज ‘जुळणे’त आहे. संस्कृत युगल, प्राकृत जुअल, मराठी जुळं, आणि मला वाटतं त्यावरूनच ‘जुळणे’. बैलाच्या मानेवरचं जू त्याच घराण्यातलं. काही जाणकार ‘गुड’चा गूळ, ‘षोडश’चे सोळा, तसा ‘जुड’चा जुळ असं ठोकून देतात. ड चा ळ होतो, कबूल. पण कोकणीत जुळ्यांना आजही ‘जुंवळीं’ म्हणतात, त्यातला व काय आभाळातून पडला? शेजारच्या भाषेला कान न देता व्युत्पत्त्या सांगायला बसलं की असं होतं.

माझं म्हणणं, हे जुळेपण क्रियापदात अजून जिवंत आहे. लावणारा कोणीतरी लागतो. जुळतं ते आपलं आपण. भटजी लग्न लावतात, पण ते जुळलेलं असतं आधीच. (छापखान्यातला जुळारी खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवायचा, पण तेही आधीच तयार असलेल्या मजकुराबरहुकूम. असो.)

आता मानसशास्त्र. मरे सिडमन या अमेरिकन संशोधकाने 1971 साली एका 17 वर्षांच्या गतिमंद मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द ऐकून मुलगा चित्र दाखवायचा, चित्र पाहून नावही सांगायचा, पण वाचता येत नव्हतं. त्याला 20 शब्द शिकवले: शब्द ऐकायचा आणि छापील शब्दांतून तो निवडायचा. बस. छापील शब्द आणि चित्र यांची जोडी कोणीच शिकवली नव्हती, तरी ती त्याला जमली. ते शब्द तो मोठ्याने वाचूही लागला. मराठीत सांगायचं तर एक जोडी लावली आणि बाकीच्या जुळल्या! ‘लावल्या’ म्हणून बघा, प्रयोगातला जीवच जातो.

1982 मध्ये सिडमन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडं आणि बबून यांनाही डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांच्या जोड्या शिकवल्या: एक खूण पाहून दुसरी निवडायची. शिकली. तीच जोडी उलट बाजूने विचारली की मात्र अडली. लावलेलं होतं, जुळलं नव्हतं.

तेव्हा पुस्तकातली ‘नमुन्याशी जुळवणी’ लाल ठिपक्याशी लाल ठिपका ठेवण्यापुरती ठीक. ‘गाय’ या अक्षरांत गाईचं ना शिंग आहे ना शेपूट. तिथे चित्र ठेवायला शिकवणं म्हणजे जोडी लावणंच.