फॉर ऑल सोडा, बोंजी बघा

"ब्राझीलच्या फोहो नाचाचं नाव इंग्रजी 'फॉर ऑल'वरून पडलं हे खरं का, आणि पोर्तुगीज बोलीत असे अजून कुठले इंग्रजी शब्द घुसलेत?" असा प्रश्न आलाय.

पहिल्याचं उत्तर, नाही. ही कथा इतक्यांदा ऐकलीये की कुणी "तुम्हाला माहितीये का" म्हणून सुरू केलं की पुढचं मला पाठ असतं, ईशान्य ब्राझीलमध्ये रेल्वे टाकणारे इंग्रज इंजिनियर म्हणे नाच ठेवायचे आणि दारावर 'फॉर ऑल' पाटी लावायचे. कुणी इंजिनियर काढून तिथे दुसऱ्या महायुद्धातले नाताल शहराजवळच्या तळावरचे अमेरिकन सैनिक बसवतात. अहो, फोहो हे 'फोहोबोदो'चं आखूड रूप आहे, म्हणजे नाचगाण्याचा धांगडधिंगा. लोकसाहित्याचे जाणकार कामारा कास्कुदो, जे स्वतः नातालचे, तेही हेच सांगतात. आणि शिकिन्या गोंझागाबाईंनी संगीत दिलेलं 'फोहोबोदो' नावाचं नाटक रिओत १९१२ला आलं, तेव्हा कुठले आलेत अमेरिकन सैनिक?

आता दुसरा भाग. फुटबॉलचं फुचीबॉव, टीमचं चीमी, डिलीट करणे म्हणजे देलेतार, हे कुणालाही सुचेल, सोडून देतो. आपली चंपी इंग्रजीत शाम्पू होऊन पोर्तुगीजमध्ये गेली यावरही लोकांनी लिहून लिहून चोथा केलाय. पोर्तुगालमध्ये इंग्रज माणसाला गमतीत 'बीफ' म्हणतात आणि परदेशी टुरिस्टला 'कमोन', कारण तो सारखा कम ऑन कम ऑन करतो. हे झकास आहे, पण माझा जीव अडकलाय तो 'बोंजी'त.

बोंजी म्हणजे ट्राम. शब्द आला इंग्रजी बॉंडवरून, म्हणजे चक्क रोखा! रिओत १८६८ला बोटॅनिकल गार्डन रेलरोड या अमेरिकन कंपनीने खेचरांची ट्राम सुरू केली. भाडं २०० रेइस (तेव्हाचं तिथलं चलन), आणि सुट्ट्या पैशांची मारामार. मग कंपनीने तिकिटांच्या पट्ट्या छापून विकल्या आणि त्या कागदाला नाव पडलं बॉंड. कागदाचं नाव गाडीला चिकटलं आणि ब्राझीलची माणसं पिढ्यानपिढ्या रोख्यात बसून फिरली.

काही विद्वानांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, त्याच वर्षी सरकारने कर्जरोखे काढले होते, त्याची शहरभर चर्चा होती म्हणून नाव पडलं. मला सांगा, खेचराच्या गाडीत धक्के खाणारा माणूस सरकारी कर्जाचा विचार करत बसेल का हो? तो हातातल्या कागदाकडे बघणार. आपल्याकडे बघा की, गाडीवर एसटी लिहिलं होतं म्हणून गाडीच यष्टी झाली, गावाकडच्या आजीला स्टेट ट्रान्सपोर्टशी काय देणंघेणं. आणि सुट्ट्यांचं म्हणाल तर तिकिटामागे "८ रु. बाकी" लिहून देणारा कंडक्टर ज्याने पाहिलाय, त्याला तिकीट म्हणजे रोखाच कसा ते वेगळं समजवावं लागत नाही. ही तुलना माझी आहे, कुठल्या कोशात मिळणार नाही, पण कोशकारांनी कधीतरी यष्टीने प्रवास करायला हरकत नाही.

पुढची मजा तर म्हणींमध्ये आहे. 'बोंजी विकत घेणे' म्हणजे फसणं, कारण गावाकडून आलेल्या भोळ्याला शहरातला ठग अख्खी ट्राम विकायचा अशी कथा. मध्येच येऊन बोलण्यात तोंड घालणाऱ्याला म्हणतात, चालती बोंजी पकडली आणि वर खिडकीजवळची जागा पाहिजे! आता रिओच्या पोरांच्या तोंडी बोंजी म्हणजे टोळी, आपली गँग. खरी ट्राम रिओच्या सांता तेरेझा टेकडीवर अजून चालते.

फक्त लिस्बनला जाऊन बोंजी कुठे मिळेल विचारू नका, तिथे तिला इलेत्रिकु म्हणतात.