हाँगकाँगला पहिल्यांदाच निघालात? आधी फेरी बोटीत बसा

पहिल्याच दिवशी व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर धावू नका. डोंगर ढगात बुडाला असेल तर वर जाऊन धुकंच दिसतं. आकाश मोकळं दिसेल त्या दिवशी जा. त्यापेक्षा ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरून प्रवासात वापरायचं कार्ड) घ्या आणि दिवेलागणीला चिम शा चुईच्या धक्क्यावरून स्टार फेरी पकडा. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, पण हे बंदर कळतं ते पाण्यावरूनच. लाकडी बाकाची पाठ पलीकडे ढकलली की तोंड जायच्या दिशेला करून बसता येतं. आणि हो, ही सेवा 1888 मध्ये सुरू करणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला मुंबईहून गेलेले पारशी! मला तर दरवेळी बोटीत पाय ठेवताना ते आठवतात.

दुसऱ्या दिवशी दुमजली ट्राम. मागून चढायचं, पैसे पुढून उतरताना द्यायचे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली तर सोडू नका. शेउंग वानला उतरून चढ चढलात की मान मो मंदिर. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या भल्यामोठ्या वेटोळ्यांची राख खांद्यावर पडते. तिथे लोक मनापासून हात जोडतात, त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका.

शाकाहारी असाल तर डायमंड हिलच्या नान लियान बागेत जेवा.